घरात उघडतं, बाहेरून नाही

ताईचा मेलबर्नहून फोन आला तेव्हा साताऱ्यात सकाळचे साडेसात वाजले होते. "अरे, आईचे फोटो उघडतच नाहीयेत. नुसतं गोल गोल फिरतंय, आणि मग काहीतरी एरर येतो."

घरातल्या जुन्या लॅपटॉपवर मी लिनक्स टाकून 'इमिच' हा मोफत फोटो-संग्रह बसवला आहे. वडिलांनी जपलेले अल्बम, आईच्या माहेरचे काळेपांढरे फोटो, लग्नांच्या निगेटिव्ह, सगळं स्कॅन करून त्यात ठेवलंय. दर महिन्याला भाडं भरून हे सगळं परक्या कंपनीच्या कपाटात ठेवायचं नाही, म्हणून हा खटाटोप. आठ महिने ताई ते फोटो तिकडून बघत होती. त्या सकाळी मी माझ्या मोबाईलवर, घरच्या वायफायवर, लॅपटॉपचं नाव टाकलं आणि संग्रह क्षणात उघडला.

घरात उघडतं आणि बाहेरून उघडत नाही, ही तक्रार स्वतःचा सर्व्हर चालवणाऱ्या प्रत्येकाच्या वाट्याला कधी ना कधी येतेच. आणि आपण बहुतेक जण तडक राउटरच्या पानावर जाऊन पोर्ट फॉरवर्डिंगची उलथापालथ सुरू करतो. मीही तीन संध्याकाळी तेच केलं. मुख्य दोष तिथे नव्हता. पण तो कुठे आहे हे सांगणारी खूण ताईच्या पहिल्या वाक्यातच होती: गोल गोल फिरतंय.

ब्राउझर एखादा पत्ता उघडायला जातो तेव्हा आधी एक छोटं पॅकेट पाठवून विचारतो, बोलायचं आहे, कुणी आहे का? समोरचं यंत्र 'आहे' म्हणालं की संवाद सुरू होतो. समोरच्या यंत्राने 'इथे कुणी नाही' असं स्पष्ट कळवलं, तर पडद्यावर लगेच 'कनेक्शन रिफ्यूज्ड' येतं. आणि कुणी काहीच उत्तर दिलं नाही, तर ब्राउझर थांबून थांबून पुन्हा हाक मारत राहतो, चक्र फिरत राहतं, आणि शेवटी 'टाइम्ड आउट' उमटतं. नकार आला तर एका अर्थी बरं. पॅकेट कुठल्या तरी यंत्रापर्यंत पोचलं आणि त्याने उत्तरही दिलं, फक्त त्या पोर्टवर ऐकणारा प्रोग्राम बहुधा बंद आहे. शांतता असेल तर वाटेत कुणीतरी ते पॅकेट गिळलंय. 'हे नाव सापडत नाही' असं आलं तर अजून दारापर्यंतही कुणी गेलेलं नाही, नावावरून पत्ता शोधून देणाऱ्या डीएनएसमध्येच गडबड आहे. सर्टिफिकेटबद्दल इशारा आला, तर वाट पूर्ण मोकळी आहे, भांडण फक्त ओळखपत्राचं आहे. म्हणून बाहेरच्या माणसाला पहिला प्रश्न हा विचारायचा: एरर लगेच येतो की वाट बघायला लावून येतो?

यापुढची तपासणी आतून बाहेर करावी. सर्व्हरपाशी सुरुवात करायची, मग घरातलं दुसरं यंत्र, मग राउटर, मग राउटरच्या पलीकडचं जग. एक पायरी पक्की झाल्याशिवाय पुढे जायचं नाही.

सर्व्हरवर बसून पाहायचं की प्रोग्राम चालू आहे का आणि तो कुठल्या पत्त्यावर ऐकतोय. लिनक्समध्ये 'एसएस' ही आज्ञा हे दाखवते. तिथे पोर्टच्या आधी १२७.०.०.१ दिसलं, तर तो प्रोग्राम फक्त स्वतःच्याच यंत्राशी बोलतो. शेजारच्या खोलीतला मोबाईलसुद्धा त्याला दिसत नाही. ०.०.०.० दिसलं तर तो यंत्राच्या सगळ्या जोडण्यांवर ऐकतोय. मग घरातल्या दुसऱ्या यंत्रावरून १९२.१६८ ने सुरू होणारा त्याचा अंतर्गत पत्ता उघडून बघायचा. इथे अडलं तर बहुधा सर्व्हरवरची फायरवॉल कारणीभूत असते. विंडोज असेल, तर घरचं वायफाय 'पब्लिक' म्हणून नोंदलं गेलंय का ते पाहावं. तसं असेल तर विंडोज शेजारच्या यंत्रांनाही बाहेरचं समजून अडवतं.

माझ्याकडे ही पायरी वरवर पाहता ठीक होती. पण एक दोष इथेच सापडला. आदल्या आठवड्यात गावात दोनदा वीज गेली होती. वीज आल्यावर राउटर नव्याने सुरू झाला आणि त्याने घरातल्या यंत्रांना पत्ते पुन्हा वाटले. लॅपटॉपचा पत्ता शेवटी २३ होता, तो ३१ झाला. राउटरमधला फॉरवर्डिंगचा नियम मात्र २३ लाच धरून होता, आणि तो पत्ता आता टीव्हीकडे गेला होता. म्हणजे बाहेरून कुणी आलंच असतं तर त्याला माझा टीव्ही भेटला असता. मी तर घरात नावाने शोधत होतो, म्हणून मला फरक जाणवला नाही. यावर उपाय कायमचा आहे: राउटरच्या डीएचसीपीच्या, म्हणजे पत्ते वाटण्याच्या, पानावर सर्व्हरच्या मॅक पत्त्याला एक ठरावीक पत्ता राखून ठेवायचा. जिथे वीज जाते-येते तिथे हे पहिल्या दिवशीच करायला हवं.

ते दुरुस्त केलं. ताईकडे तरीही गोल गोलच.

आता तपासणीतली एक मोठी फसगत. घरच्या वायफायवर बसून स्वतःचा बाहेरचा पत्ता उघडून बघणं ही चाचणीच नव्हे. काही राउटर घरातून निघालेलं आणि घराकडेच वळलेलं पॅकेट आत परत घेतात, काही घेत नाहीत. याला 'हेअरपिन' म्हणतात. त्यामुळे बाहेर सगळं उत्तम चालू असताना घरातून उघडत नाही, किंवा उलट, घरातून उघडतं आणि आपल्याला वाटतं की जगालाही उघडत असेल. चाचणी नेहमी मोबाईलचं वायफाय बंद करून, मोबाईल डेटावरून करायची. सकाळी ताईच्या फोननंतर मी जे घरच्या वायफायवर पाहिलं, त्यावरून काहीच सिद्ध होत नव्हतं.

आणि मग मी ती गोष्ट केली जी पहिल्याच संध्याकाळी करायला हवी होती. राउटरच्या मुख्य पानावर 'वॅन आयपी' किंवा 'इंटरनेट आयपी' असं लिहिलेलं असतं, तो पत्ता कागदावर उतरवला. मग ब्राउझरमध्ये 'माझा आयपी काय' असं सांगणारं एक पान उघडलं आणि बाहेरच्या जगाला दिसणारा पत्ता त्याखाली लिहिला. दोन्ही एकच असायला हवेत. माझ्या राउटरचा पत्ता १००.७२ ने सुरू होत होता. बाहेर दिसणारा पूर्ण वेगळा होता.

या दोन ओळींत सगळं कळलं. ते का, हे समजायला थोडं मागे जावं लागेल.

इंटरनेटचा जो पत्ता आपण रोज वापरतो त्याची चौकट सप्टेंबर १९८१ मध्ये ठरली. ३२ बिटांचा पत्ता, म्हणजे एकूण ४२९ कोटी ४९ लाख ६७ हजार २९६ पत्ते. त्या काळी यंत्रं विद्यापीठांत आणि संशोधन संस्थांत होती आणि कल्पना साधी होती: प्रत्येक यंत्राला स्वतःचा पत्ता, आणि कुठलंही यंत्र कुठल्याही यंत्राला थेट हाक मारू शकेल. घरोघरी पाच-सात यंत्रं येतील हे त्या हिशेबात नव्हतं. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीलाच पत्ते संपणार हे दिसू लागलं, आणि मे १९९४ मध्ये एक तोडगा कागदावर आला. त्याचं नाव नॅट, म्हणजे पत्त्यांची अदलाबदल. सव्वा वर्षाने, १५ ऑगस्ट १९९५ रोजी, विदेश संचार निगमने भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केलं. आपण या पंगतीला बसलो तेव्हा वाढप आधीच जपून सुरू झालं होतं.

नॅट कसं चालतं ते वाड्यावरून समजून घेता येईल. वाड्याला रस्त्यावरचा पत्ता एकच. आत खोल्या अनेक. देवडीवर एक कारकून बसलेला. आतल्या माणसाने बाहेर पत्र पाठवलं की कारकून वहीत नोंद करतो, कुठल्या खोलीतून, कुणाला. उत्तर आलं की वही बघून त्या खोलीत पोचवतो. पण ज्याची वहीत नोंदच नाही असं पत्र बाहेरून आलं, तर ते कुणाला द्यायचं हे त्याला ठाऊक नसतं. तो ते बाजूला टाकतो आणि पाठवणाऱ्याला काही कळवतही नाही. ताईचं चक्र फिरत राहतं ते यामुळेच. पोर्ट फॉरवर्डिंग म्हणजे त्या वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलेली कायमची सूचना: ४४३ नंबरचं काही आलं की माडीवरच्या खोलीत दे. आतल्या खोल्यांसाठी १९९४ मध्येच तीन राखीव पत्तेपट्ट्या ठरल्या, १० ने सुरू होणारी, १७२.१६ ते १७२.३१ ही, आणि सगळ्यांच्या ओळखीची १९२.१६८. हे पत्ते वाड्याच्या आतच चालतात, रस्त्यावर त्यांना अर्थ नाही.

हा तोडगा जवळपास सतरा वर्षं पुरला. ३ फेब्रुवारी २०११ रोजी जागतिक साठ्यातले शेवटचे पाच मोठे गट पाच खंडीय नोंदणी संस्थांना वाटून झाले. आपल्या आशिया-प्रशांत विभागाची संस्था, एपनिक, त्याच वर्षी १५ एप्रिलला आपल्या शेवटच्या गटावर आली. त्यानंतर त्या गटातून एका सदस्य कंपनीला मिळू शकत होते जास्तीत जास्त १०२४ पत्ते. लहान शहरात नव्याने धंदा सुरू करणाऱ्या, केबलच्या जाळ्यावरून इंटरनेट देणाऱ्या माणसाने दहा हजार घरांना १०२४ पत्ते पुरवायचे कसे? तो मग आपल्या कार्यालयातच आणखी एक देवडी बसवतो. शेकडो घरं त्या एका रस्त्यावरच्या पत्त्यामागे. याला कॅरिअर-ग्रेड नॅट, सीजीनॅट म्हणतात. एप्रिल २०१२ मध्ये खास या कामासाठी १००.६४ पासून १००.१२७ पर्यंतची पट्टी राखून ठेवली गेली, एकूण ४१ लाख ९४ हजार ३०४ पत्ते. माझा १००.७२ बरोबर त्या पट्टीतला.

म्हणजे माझ्या घराच्या देवडीवर मी कितीही सूचना लिहिल्या तरी पत्र तिथवर येतच नव्हतं. ते कंपनीच्या देवडीवर पडत होतं, आणि तिथल्या वहीत मला लिहिता येत नाही. आठ महिने माझ्याकडे खरा पत्ता होता. मधे कधीतरी कंपनीने मला सामायिक पत्त्यावर हलवलं आणि कळवलं नाही. मला याचा राग आला, आजही येतो. पत्त्यांची टंचाई मी समजू शकतो. पण ग्राहकाच्या जोडणीचं स्वरूपच बदलताना दोन ओळींचा मेसेज पाठवणं कुठल्याही कंपनीला परवडतं.

राउटरवरचा पत्ता १९२.१६८ किंवा १० ने सुरू होत असेल तर आणखी एक शक्यता असते. फायबरचं कनेक्शन देणारा माणूस भिंतीवर जो डबा लावून जातो तोही बहुधा राउटरच असतो. त्याच्यामागे आपण स्वतः विकत घेतलेला राउटर लावला की एकामागे एक दोन देवड्या झाल्या. हा प्रकार घरातल्या घरात सुटतो: कंपनीचा डबा 'ब्रिज मोड'वर टाकून घ्यायचा, किंवा दोन्हीकडे फॉरवर्डिंगचे नियम लिहायचे. दुसरी देवडी आपल्या भिंतीवर आहे की कंपनीच्या कार्यालयात, हे शोधायचं तर 'ट्रेसरूट' चालवून पहिले दोन-तीन टप्पे वाचावेत. एक सावधगिरी मात्र हवी. सर्व्हरवर टेलस्केल हे व्हीपीएन बसवलेलं असेल तर त्या यंत्रावर १०० ने सुरू होणारा पत्ता दिसणारच, कारण टेलस्केलही हीच पट्टी वापरतं. पत्ता वाचायचा तो राउटरच्या पानावरचा.

दोन्ही पत्ते जुळले, सार्वजनिक निघाले, आणि तरीही शांतता असेल तर?

मग सर्व्हरवर 'टीसीपीडम्प' सुरू करून बाहेरच्या माणसाला पान उघडायला सांगायचं. हा प्रोग्राम दारात येणारं प्रत्येक पॅकेट दाखवतो. काहीच आलं नाही तर अडचण राउटरमध्ये किंवा त्याच्या पलीकडे. काही कंपन्या घरगुती जोडण्यांवर २५, ८०, ४४३ हे पोर्ट बंद ठेवतात. अशा वेळी ४८४४३ सारखा एखादा वरचा पोर्ट उघडून पाहिला की लगेच कळतं. पॅकेट आलं आणि सर्व्हर गप्प राहिला तर त्याची फायरवॉल. पॅकेट आलं, सर्व्हरने उत्तरही दिलं, पण ते समोर पोचत नाही, असं असेल तर उत्तर भलत्या वाटेने जातंय. सर्व्हरवर एखादं व्हीपीएन चालू असलं की हे हमखास होतं: हाक राउटरकडून येते आणि उत्तर व्हीपीएनच्या बोगद्यातून निघून जातं. पाहुणा पुढच्या दाराशी उभा आणि आपण मागच्या दाराने बोलतोय. हा दोष अंदाजाने सापडत नाही, टीसीपीडम्पने दोन मिनिटांत सापडतो.

नावाचाही एक पेच असतो. घरचा पत्ता बदलता असल्याने आपण डायनॅमिक डीएनएस वापरतो. घरातला एक छोटा प्रोग्राम किंवा खुद्द राउटर नवा पत्ता कळवत राहतो. राउटर सीजीनॅटमागे असेल तर तो बिचारा स्वतःच्या वॅनवरचा १००.७२ हाच पत्ता कळवून मोकळा होतो. मग नाव अगदी व्यवस्थित सापडतं, पण जगाला अशा पत्त्याकडे पाठवतं जो जगात नाही. 'एनएसलुकअप'ने नावामागचा पत्ता एकदा डोळ्यांनी पाहावा.

यातून बाहेर पडायच्या वाटा मोजक्या. कंपनीकडे स्थिर सार्वजनिक पत्ता मागायचा. बहुतेक ठिकाणी तो जादा पैशांत मिळतो. कस्टमर केअरला 'सर्व्हर चालत नाही' म्हणून सांगू नका, ते तुम्हाला राउटर बंद करून चालू करायला लावतील. सरळ म्हणा: माझा वॅन पत्ता १००.६४ च्या पट्टीतला आहे, मला सार्वजनिक पत्ता हवा आहे. दुसरी वाट आयपीव्ही६ची. १२८ बिटांचे हे पत्ते १९९८ पासून ठरलेले आहेत, आणि त्यांच्या वापरात भारत जगातल्या आघाडीच्या देशांत आहे. घरातल्या प्रत्येक यंत्राला खरा, थेट पत्ता मिळतो, देवडीची गरजच उरत नाही. १९८१ ची मूळ कल्पना इथे पुन्हा जिवंत होते, म्हणून मला ही वाट मनापासून आवडते. पण राउटरची फायरवॉल बाहेरून येणारं आयपीव्ही६ सहसा अडवून ठेवते, तिथे त्या यंत्रापुरती परवानगी लिहावी लागते. शिवाय समोरच्याकडेही आयपीव्ही६ असायला हवं. 'भावाला उघडतं, काकांना नाही' अशी तक्रार आली की आधी हेच तपासावं. तिसरी वाट म्हणजे घरातून बाहेरच्या एखाद्या यंत्रापर्यंत स्वतःच बोगदा काढून ठेवणं. बाहेर जाणारी वाट सीजीनॅट अडवत नाही, आणि एकदा ती उघडी राहिली की उत्तरासारखा सगळा येणारा व्यवहार तिच्यातून आत येतो. टेलस्केल, क्लाउडफ्लेअरचा टनेल किंवा भाड्याच्या छोट्या सर्व्हरवरचं वायरगार्ड, सगळ्यांचं मूळ हेच.

मी स्थिर पत्ता घेतला, पण फोटोंचा पोर्ट पुन्हा उघडला नाही. वायरगार्ड हे व्हीपीएन मार्च २०२० पासून लिनक्सच्या गाभ्यातच आहे. ते युडीपीच्या एका पोर्टवर ऐकतं आणि ज्याच्याकडे किल्ली नाही त्याला उत्तरच देत नाही. म्हणून पोर्ट तपासणारी पानं तो पोर्ट उघडा आहे असं सांगू शकत नाहीत; त्यांच्या निकालाने गोंधळून जाऊ नये. ताईला व्हिडिओ कॉलवर क्यूआर कोड दाखवला, तिने तो फोनवरच्या ॲपने टिपला, आणि पाच मिनिटांत आईचा शाळेतला, दोन वेण्यांचा फोटो मेलबर्नमध्ये उघडला.

फोटोंचा पोर्ट मी का बंद ठेवला, त्याला २०१६ चा संदर्भ आहे. त्या वर्षी 'मिराय' नावाच्या घातक प्रोग्रामने जगभरचे घरगुती कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले. कारण साधं होतं: ते इंटरनेटवर उघडे होते आणि पासवर्ड कारखान्यातून आला तोच होता. २१ ऑक्टोबर २०१६ रोजी अशा यंत्रांच्या फौजेने डिन या डीएनएस कंपनीवर हल्ला केला आणि ट्विटर, नेटफ्लिक्ससारख्या सेवा कित्येक तास अनेकांना मिळेनाशा झाल्या. उघडे पोर्ट शोधत फिरणारे प्रोग्राम आजही अहोरात्र चालू असतात, आणि ज्या दारातून आपल्याला हवा तो पाहुणा आत येऊ शकतो त्याच दारातून तेही येतात.

त्या तीन संध्याकाळी मी घाईघाईत बरंच काही उघडं टाकलं होतं. लॅपटॉपची फायरवॉल बंद केली होती, राउटरमध्ये पाच नियम वाढवले होते, आणि एका रात्री तर अख्खं यंत्र 'डीएमझेड'मध्ये ठेवलं होतं, म्हणजे बाहेरून येणारं सगळंच त्याच्याकडे. तुम्हीही असं काही शोधत असताना हे केलं असेल. फोटो उघडले म्हणून तिथेच थांबू नका. आज झोपण्यापूर्वी राउटरचं पान उघडा, शोधाशोधीत घातलेला एकेक नियम काढा, डीएमझेड बंद करा, आणि फायरवॉल पुन्हा चालू करा.